खंड कसे दुभंगतात? संगणकाचा हिशेब आणि आपले बेट

वाचकहो, गोष्ट गेल्या गणेश चतुर्थीच्या आधीची आहे. बैठकेत आम्ही बायका मखरासाठी कागदी फुले करीत बसलो होतो. गावातील एक वयस्कर मावशी आपला मोबाइल घेऊन माझ्याजवळ आल्या. त्यावर एक चित्रफीत होती. केनिया देशात जमिनीला भली मोठी भेग पडली आहे, रस्ता मधोमध तुटला आहे आणि लोक काठावर उभे राहून खाली पाहत आहेत, असे ते दृश्य होते.

मावशी म्हणाल्या, "बाय, आफ्रिका फाटली म्हणतात. आपले बेट त्याच अंगाला ना? मग आपले काय होणार?"

मी शिक्षिका. चारचौघींत प्रश्न आला की उत्तर देण्याची सवय. मी हातातले फूल न सोडताच म्हटले, "मावशी, काळजी करू नका. या सगळ्याचा हिशेब कॉम्प्युटरवर झालेला आहे. काही होत नाही."

मावशींचे समाधान झाले नाही. त्या म्हणाल्या, "अगं, वादळाच्या वेळीसुद्धा कॉम्प्युटर सांगतो. कधी वादळ येते, कधी दुसरीकडे वळते. आणि आकाशातले ढग तरी वरून दिसतात. जमिनीच्या पोटातले त्या कॉम्प्युटरला कोणी दाखवले?"

बायका हसल्या. मीही हसले, पण मनातून खजील झाले. मावशींचा प्रश्न बरोबर होता आणि माझे उत्तर हे उत्तरच नव्हते. वर्गात एखाद्या मुलाने "पुस्तकात लिहिले आहे म्हणून" असे सांगितले, तर मी त्याला पुन्हा विचार करायला लावते. मी स्वतः तेच केले होते, फक्त पुस्तकाच्या जागी कॉम्प्युटर ठेवला होता. म्हणून पुढचे काही महिने या विषयावर जे वाचता आले ते वाचले. त्यातून जे समजले ते मावशींसाठी, आणि तुमच्यासाठीही, येथे मांडत आहे.

आधी ती भेग

ती चित्रफीत खरी आहे. २०१८ सालच्या मार्च महिन्यात, मुसळधार पावसानंतर, केनियातील माई माहिऊ गावाजवळ ती भेग उघडी पडली आणि रस्ता तुटला. परंतु एका रात्रीत खंड फाटला असा तिचा अर्थ नव्हता. त्या भागात ज्वालामुखीच्या राखेचे मऊ थर आहेत. पावसाच्या पाण्याने ती राख आतून वाहून गेली आणि वरची जमीन खचली, असे अनेक भूवैज्ञानिकांनी त्या वेळी सांगितले.

तरीही मावशींची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. आफ्रिकेचा पूर्व भाग खरोखरच बाकीच्या आफ्रिकेपासून दूर सरकत आहे. इथिओपियापासून मोझांबिकपर्यंत खचदऱ्यांची एक लांब रांग आहे. त्या रांगेच्या पश्चिमेकडील तुकड्याला नुबियन भूपट्ट आणि पूर्वेकडील तुकड्याला सोमाली भूपट्ट म्हणतात. हा सोमाली भूपट्ट समुद्रकिनाऱ्याशी संपत नाही. तो हिंदी महासागराच्या तळाखालून पूर्वेकडे मध्य महासागरातील डोंगररांगेपर्यंत जातो, आणि आपले मॉरिशस त्याच भूपट्टावर बसलेले आहे. म्हणजे आफ्रिकेपासून जो तुकडा सुटत आहे, त्याच तुकड्यावर आपण राहतो.

घाबरण्याआधी वेग पाहा. उपग्रहांच्या मदतीने केलेल्या मोजणीनुसार हे दोन तुकडे इथिओपियाच्या बाजूला वर्षाला सुमारे ६ ते ७ मिलिमीटरने दूर जातात. दक्षिणेकडे हा वेग आणखी कमी होतो. मूल पहिलीत आल्यापासून प्राथमिक शाळा सोडीपर्यंत सहा वर्षे जातात. तेवढ्या काळात अंतर वाढते जेमतेम चार सेंटिमीटर. दहा लाख वर्षांत मात्र तेच सहा-सात किलोमीटर होते.

ही झाली सरासरी. जमीन रोज ठरलेल्या मापाने सरकत नाही. इथिओपियाच्या अफार प्रदेशात २००५ सालच्या सप्टेंबरमध्ये काही आठवड्यांतच सुमारे ६० किलोमीटर लांबीची फट खोलवर उघडली. काही ठिकाणी तिची रुंदी ८ मीटरपर्यंत गेली आणि वितळलेल्या शिलारसाने ती भरून टाकली. शतकानुशतके साचत आलेला ताण थोड्या दिवसांत मोकळा झाला. हा ताण कोठे साचतो, किती साचतो आणि जमीन कोणत्या जागी हार मानते, हे समजून घेण्यासाठीच संगणकाचा हिशेब लागतो.

कोडे जुळले, कारण सापडले नाही

दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, हे शाळेतील मुलालाही नकाशावर दिसते. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली खंड सरकतात असा सिद्धान्त मांडला आणि १९१५ साली त्यावर पुस्तक लिहिले. पण एवढे मोठे खंड ढकलण्याइतका जोर येतो कोठून, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. हॅरल्ड जेफ्रीज यांच्यासारख्या नामवंत ब्रिटिश शास्त्रज्ञाने नेमके तेथेच बोट ठेवले. वेगेनर १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले. त्यांचे म्हणणे जगाने मान्य केलेले त्यांना पाहता आले नाही.

संगणक या कथेत १९६५ साली आला. केंब्रिज येथील एडवर्ड बुलार्ड, एव्हरेट आणि स्मिथ यांनी अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे खंड संगणकाच्या मदतीने जुळवून पाहिले. त्यांनी आजची किनारपट्टी न घेता समुद्रात सुमारे ९०० मीटर खोलीवरची कड घेतली, कारण खंडाची खरी कड पाण्याखाली असते. जुळणी इतकी चांगली झाली की थट्टा करणाऱ्यांना गप्प बसावे लागले. पुढे १९७० साली स्मिथ आणि हॅलम यांनी भारत, मादागास्कर, आफ्रिका वगैरे दक्षिणेकडील खंडांचे कोडे त्याच पद्धतीने जुळवले.

परंतु कोडे जुळणे म्हणजे कारण समजणे नव्हे. फुटलेल्या ताटाचे तुकडे जुळवून ताट पूर्वी अखंड होते एवढे सिद्ध होते. ते कोणाच्या हातून पडले, आधीच चीर होती का, गरम असताना त्यावर थंड पाणी सांडले का, हे जुळणीवरून कळत नाही. त्यासाठी ताण आणि ताकद यांचा हिशेब करावा लागतो. १९७८ साली डॅन मॅकेन्झी यांनी या हिशेबाचे एक सोपे सूत्र मांडले. खंड ताणला की पातळ होतो. पातळ झाला की खचतो. शिवाय खालून वर आलेला गरम भाग हळूहळू थंड होऊन जड होतो, म्हणून जमीन पुढे लाखो वर्षे आणखी खचत राहते. हे सूत्र कागदावर मावत होते. पण खरा खंड कागदावर मावत नाही. तो कोठे जुना व घट्ट, कोठे नवा व मऊ, कोठे पूर्वीच भेगाळलेला असतो.

चिक्कीचा पाक

मुलांना हे समजावण्यासाठी मी चिक्कीचे उदाहरण देते. आपण ऊस पिकवणाऱ्यांची मुले, गुळाचा पाक काही आपल्याला नवा नाही. तूप लावलेल्या ताटात पाक ओतला की सुरुवातीला तो ओढला तरी तुटत नाही, त्याची तार निघते. पूर्ण गार झाल्यावर तोच पाक कडकन मोडतो. मधली अवस्था मोठी गमतीची असते. वरचा पापुद्रा गार झालेला, खालचा भाग अजून ऊन. अशा वेळी दोन्ही बाजूंनी ओढले, तर वर तडे जातात आणि खाली पाक लांबत राहतो. वर पाहणाऱ्याला वाटते, तुटले. खाली अजून धरून असते.

खंडाचेही असेच आहे. वरचे काही किलोमीटर थंड आणि ठिसूळ. तेथे भेगा पडतात, भूकंप होतात. खाली उष्णता वाढत जाते आणि दगड दगडच राहूनही अतिशय सावकाश वाहू लागतो. जोर किती आहे, ओढ किती वेगाने होते, उष्णता किती आहे आणि जुनी चीर कोठे आहे, या चार गोष्टींवर सारे अवलंबून असते.

चौकटीच्या वहीतला खंड

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. जमिनीच्या पोटातले संगणकाला कोण दाखवते?

गणिताची चौकटीची वही डोळ्यांसमोर आणा. समजा, ५०० किलोमीटर रुंद आणि १०० किलोमीटर खोल असा जमिनीचा उभा काप घेतला आणि त्यात एक-एक किलोमीटरचे चौकोन आखले, तर ५०,००० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनात काही आकडे लिहायचे: दगड कोणता, किती जड, किती तापलेला, किती घट्ट. हे आकडे हवेतून येत नाहीत. प्रयोगशाळेत दगड तापवून आणि दाबून त्यांची ताकद मोजतात. खोल विहिरी खणून उष्णता मोजतात. भूकंपाच्या लाटा कोठे जलद आणि कोठे सावकाश जातात, त्यावरून खालच्या थरांची जाडी काढतात.

मग नियम द्यायचे. नियम थोडेच असतात. पदार्थ नाहीसा होत नाही. जोराला जोर भिडतो आणि त्यांचा तोल राहतो. उष्णता गरम भागाकडून थंड भागाकडे जाते. ताण मर्यादेपलीकडे गेला की दगड मोडतो, आणि एकदा मोडलेली जागा पूर्वीपेक्षा कमजोर होते. हा शेवटचा नियम फार महत्त्वाचा, कारण त्यामुळेच ताण सगळीकडे न पसरता एका पट्ट्यात गोळा होतो.

यानंतर दोन्ही बाजूंनी थोडे ओढायचे, समजा एक हजार वर्षांपुरते, आणि सर्व चौकोनांचा हिशेब नव्याने करायचा. पुन्हा हजार वर्षे, पुन्हा हिशेब. दोन कोटी वर्षांसाठी असे २०,००० वेळा करावे लागेल. म्हणजे चौकोनांचे हिशेब झाले १०० कोटी. एखाद्या माणसाने मिनिटाला एक हिशेब केला आणि रात्रंदिवस न थांबता केला, तरी त्याला सुमारे १९०० वर्षे लागतील. संगणक काय करतो ते यावरून ध्यानात येईल. त्याला भविष्य दिसत नाही. त्याला न थकता हिशेब करता येतो.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. आकडे चुकले तर उत्तरही चुकते. म्हणून शास्त्रज्ञ एकच हिशेब करून थांबत नाहीत. उष्णता बदलून, वेग बदलून, चिरेची जागा बदलून ते पुन्हा पुन्हा करतात. आणि आलेले उत्तर अशा गोष्टींशी ताडून पाहतात, ज्या संगणकाला आधी सांगितलेल्याच नव्हत्या. उदाहरणार्थ, समुद्रतळाचे वय, गाळाच्या थरांची जाडी, खऱ्या दरीची रुंदी. जुळले तर कल्पना टिकते, नाही तर तिला निरोप द्यावा लागतो.

हिशेबातून काय निघाले?

तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट वेगाची. २०१६ साली साशा ब्रूने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की खंड तुटताना वेग सारखा राहत नाही. सुरुवातीला लाखो वर्षे ओढ अगदी सावकाश चालते, कारण खंड अजून मजबूत असतो. मधला पट्टा पातळ व कमजोर झाला की प्रतिकार ढासळतो आणि पूर्ण तुटण्याआधीच दोन्ही बाजू झपाट्याने दूर जाऊ लागतात. रस्सीखेचीत दोर कुजत जावा, त्याचे पीळ एकेक करून सुटावेत आणि मग दोन्ही संघ भराभर मागे सरकावेत, तसे हे आहे. दक्षिण अटलांटिकच्या दोन्ही काठांवरील पुरावा या हिशेबाशी जुळतो.

दुसरी गोष्ट दिशेची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका विलग होत असताना पश्चिम आफ्रिकेच्या पोटातूनही एक खचदरी पुढे सरकत होती. ती जिंकली असती, तर आज सहाराच्या भागात महासागर असता. २०१४ साली क्रिस्टियान हाइने आणि ब्रूने यांनी संगणकावर या दोन दऱ्यांची स्पर्धा लावून पाहिली. ओढीच्या दिशेला तिरकी असलेली चीर कमी जोरात उघडते, असे त्यातून दिसले. आजचा विषुववृत्तीय अटलांटिक ज्या चिरेतून झाला ती अशी तिरकी होती, म्हणून ती पुढे गेली आणि सहाराची दरी अर्ध्यावर थांबली. कापड फाडताना आपणही कोन बदलून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि ती आपल्या घरची आहे. पृथ्वीच्या खोल प्रावरणातून काही ठिकाणी तापलेल्या पदार्थाचा लोट वर येतो. ही कल्पना जेसन मॉर्गन यांनी १९७१ साली मांडली. असा लोट एकटाच खंड फाडू शकतो का? २०१४ साली येवगेनी बुरोव्ह आणि तारास गेर्या यांनी हा हिशेब तिन्ही मितींत केला. नुसता लोट असला तर वरची जमीन फुगते आणि तडे अनेक दिशांना जातात. पण दोन्ही बाजूंनी अगदी सौम्य ओढ असेल, तर तोच लोट एक लांब, सरळ दुभंग घडवतो. दुसऱ्याच वर्षी अलेक्झांडर कोप्तेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच विचार पूर्व आफ्रिकेला लावला. टांझानियाखाली खंडाचा एक फार जुना, जाड, घट्ट गाभा आहे. खालून आलेला एकच लोट त्या गाभ्याला अडून एका बाजूला वळतो. म्हणून पूर्वेकडील दरीत ज्वालामुखी पुष्कळ, आणि पश्चिमेकडील दरीत ते थोडे पण टांगानिकासारखी सुमारे १४७० मीटर खोल सरोवरे. एकाच खंडातील दोन दऱ्या अशा वेगळ्या का, याचे हे पटण्याजोगे कारण ठरले.

सह्याद्रीचा दगड आणि आपला दगड

आता आपल्या घराकडे येऊ. एके काळी मादागास्कर, सेशेल्स आणि भारत एकमेकांना चिकटलेले होते. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटले. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारताखाली उष्णतेचा प्रचंड लोट आला आणि लाव्हाचे थरावर थर साचले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले दख्खनचे पठार आणि सह्याद्री त्यातूनच झाले. त्यानंतर थोड्याच, म्हणजे तीसएक लाख वर्षांत, सेशेल्सही भारतापासून तुटले.

भारत उत्तरेकडे निघून गेला. लोट मात्र मागेच राहिला आणि वरून सरकणाऱ्या समुद्रतळावर आपल्या खुणा उठवत गेला. १९८७ साली एका संशोधन जहाजाने या मार्गावर समुद्रतळ खणून दगड काढले. मालदीवजवळचे दगड सुमारे ५.७ कोटी वर्षांचे, त्याच्या दक्षिणेला चागोसजवळचे सुमारे ४.९ कोटी वर्षांचे. पुढे सुमारे ९० लाख वर्षांपूर्वी त्याच लोटाने आपले मॉरिशस वर काढले आणि त्यानंतर शेजारचे रेयुनियों. तेथील ज्वालामुखी अजून जागा आहे.

आपले पूर्वज कोकणातून येथे आले. ऊस लावण्यासाठी त्यांनी शेतातील काळे दगड वेचून ढीग रचले, ते ढीग आजही उभे आहेत. ज्या लोटाने सह्याद्रीचा काळा पत्थर घडवला, त्यानेच हेही दगड घडवले. जहाजातून उतरलेल्या त्या माणसांना परका वाटणारा दगड नात्यातला निघाला, असे म्हणायला हरकत नाही.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. शिक्षक-प्रशिक्षण घेऊन शाळेत आले तेव्हापासून कित्येक वर्षे मी फळ्यावर लिहीत असे, "मॉरिशसच्या खाली फक्त ज्वालामुखीचा दगड आहे." २०१३ साली ट्रॉन्ड टॉर्सविक आणि सहकाऱ्यांना आपल्या किनाऱ्याच्या वाळूत झिरकॉन या खनिजाचे कण सापडले. त्यांचे वय ६६ कोटी ते सुमारे २०० कोटी वर्षे निघाले. बेट ९० लाख वर्षांचे आणि त्यातील कण एवढे जुने! वाळू वाऱ्याने किंवा माणसांबरोबर बाहेरून आली नसेल कशावरून, अशी शंका साहजिक होती. २०१७ साली लुईस अ‍ॅश्वल, टॉर्सविक आणि मायकेल विडेनबेक यांनी आपल्या बेटावरील सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीच्या ट्रॅकाइट दगडाच्या आतूनच असे कण काढले. त्यांचे वय ३०० कोटी वर्षांपर्यंत होते. दगडाच्या आत वारा कण घालू शकत नाही. लाव्हा वर येताना खालच्या जुन्या खंडाचे कण घेऊन आला, हाच त्याचा अर्थ. त्या बुडालेल्या तुकड्याला 'मॉरिशिया' असे नाव मिळाले आहे. मी फळ्यावरचे वाक्य बदलले.

खंडाचा असा तुकडा मधेच का राहतो, याचेही उत्तर ताण आणि उष्णता यांच्या हिशेबात आहे. २००१ साली डिटमार म्युलर आणि सहकाऱ्यांनी ते मांडले. नुकत्याच तुटलेल्या खंडाच्या काठाजवळ गरम लोट असला की तो काठ मऊ होतो. मग समुद्र उघडणारी फट आपली जागा सोडून त्या मऊ काठाकडे उडी मारते आणि काठाची एक पट्टी पलीकडे तुटून राहते. सेशेल्स अशाच रीतीने भारतापासून सुटून समुद्रात मागे राहिले.

सगळेच हिशेब एकमेकांशी जुळतात असे मात्र समजू नका. त्या काळात भारत वर्षाला सुमारे १८ सेंटिमीटर अशा विलक्षण वेगाने धावत होता. लोटाच्या धक्क्यामुळे, असे २०११ साली कँडी आणि स्टेगमन यांनी मांडले. आशियाच्या दिशेने समुद्रतळ एकाच्या पुढे एक अशा दोन ठिकाणी खाली खेचला जात होता, म्हणून हा वेग आला, असा हिशेब २०१५ साली जागुत्झ आणि सहकाऱ्यांनी केला. दोघांजवळ संगणक होता. निकाल मात्र संगणक देणार नाही, तो समुद्रतळावरील खुणाच देतील.

जे संगणक सांगत नाही

भारताची ती धाव हिमालयाशी अडली, पण रेटा अजून चालूच आहे आणि त्याचा ताण पार दख्खनपर्यंत पोचतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांची गावे त्या डोंगराच्या पलीकडे कोकणात आहेत. १९६२ पासून धरणात पाणी साठू लागले होते. आधीच ताणलेल्या, निसटण्याच्या बेतात असलेल्या चिरेला पाण्याच्या दाबाने थोडासा धक्का दिला, असे शास्त्रज्ञ मानतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. ताण कोणत्या दिशेने आहे हे संगणकाचा हिशेब सांगू शकतो. कोणती चीर कमजोर आहे याचा अंदाज देऊ शकतो. पण अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप होईल, हे तो सांगू शकत नाही. तसे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणूनच मी मावशींना दिलेले उत्तर चुकीचे होते. "कॉम्प्युटरने सांगितले, काही होत नाही," हे वाक्य आणि "कॉम्प्युटरने सांगितले, आफ्रिका फाटणार," हे वाक्य, दोन्ही एकाच माळेचे मणी. दोन्हींत विचारणे थांबते.

यंदा पाडव्याच्या दिवशी मावशी भेटल्या तेव्हा मी त्यांना नवे उत्तर दिले. म्हटले, "मावशी, आफ्रिका सरकते हे खरे. ते मोजलेले आहे. आपण त्या सरकणाऱ्या तुकड्याच्या मध्यभागी आहोत, फाटणाऱ्या काठावर नाही. म्हणून बेट त्याच्याबरोबर अलगद जाते. तेथे समुद्र व्हायला लाखो वर्षे लागतील. माणूस येथे राहायला आल्यापासून या बेटावर ज्वालामुखीचा उद्रेक झालेला नाही. आणि जमिनीच्या पोटातले कॉम्प्युटरला दगडांनी, भूकंपांनी आणि खोल विहिरींनी दाखवले. त्यांनी जेवढे दाखवले तेवढेच त्याला ठाऊक आहे."

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तेव्हाच सांगायचे होतेस, बाय."

मी म्हटले, "तेव्हा मला माहीत नव्हते."

वाचकहो, पुढच्या वेळी अशी एखादी चित्रफीत आपल्या मोबाइलवर आली, तर ती दुसऱ्यास पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. हे कोणी मोजले? कशाने मोजले? आणि कशाशी ताडून पाहिले? आपल्या मुलांनाही हे प्रश्न विचारायला शिकवा. आणि त्यांनी आपल्यालाच ते विचारले, तर रागावू नका. मावशींनी मला विचारले नसते, तर मी आजही कागदी फुले करीत तेच उत्तर देत बसले असते.